थांब, आईला देतो

९ मार्च, रविवार

आज परत तेच केलं. कौमुदीचा फोन आला. कशी आहेस? बरी आहे. थंडी आहे का? आहे. मग मी म्हणालो — "बरं. थांब, आईला देतो."

नुसतं म्हणालो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी फोन कानापासून काढून हात स्वयंपाकघराकडे लांब केला. तिथे कोण असणार? ओट्यावर एक कप, तोही माझाच, सकाळचा.

मालिनी जानेवारीत गेली. हे मला माहीत आहे. हाताला माहीत नाही.

फोन परत कानाला लावला. मग कौमुदी म्हणाली, "असू दे बाबा." पुढे कोणालाच काही सुचलं नाही. ठेवला.

१० मार्च

या आठवड्यात जिना पुसायची पाळी आपली. पण केअरवोखंची, म्हणजे त्या पाळीची, पाटी दारावर नाही. समोरच्या फ्राऊ शॉयफेलंनी परस्पर पुसून टाकला. जानेवारीपासून हेच चाललंय. आभार मानायला गेलो तर हात झटकून म्हणाल्या, "आख वास!", त्यात काय एवढं, आणि दार लावून घेतलं.

१२ मार्च

आमच्या घरात फोन मालिनीचा होता. म्हणजे यंत्रं तीन होती, पण बोलणं तिचं. कौमुदीशी मी चार वाक्यं बोलायचो आणि फोन द्यायचो. कौमुदीही तशीच. "बरं बाबा, आईला द्या." त्यात राग-रुसवा काही नव्हता. मालिनी म्हणायची, "दोन मुके आणि मधे मी एक्सचेंजवाली. अहो, मी गेले ना, तर तुम्ही दोघं एकमेकांना कुरिअर पाठवाल."

तेव्हा हसलो होतो.

आता खरंच भीती वाटते. पोरगी लांब नाही, इथेच जर्मनीत, म्युन्स्टरला आहे. गाडीने अर्धा दिवस. पण काय बोलायचं? दर रविवारी चार वाक्यं. मग तीन होतील. मग सणावारी.

१६ मार्च, रविवार

"बाबा, जरा काम होतं तुमच्याकडे."

कौमुदीचं माझ्याकडे काम! 

तिची जूनमध्ये डिस्पुटात्सिओन आहे. डॉक्टरेटची शेवटची तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर. तिच्या प्रोफेसरबाई, टेरहॉर्स्ट म्हणून आहेत, हॉलंडच्या. त्यांनी सांगितलंय म्हणे, की डचमधलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला दर रविवारी तुझा विषय समजावून सांग. त्याला कळला तर परीक्षकांना कळेल.

"मला तुम्हीच आठवलात."

"का?"

"तुम्हाला काहीच येत नाही ना!"

हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा ऐकलं ते हसू.

आता विषय. जसा कळला तसा लिहून ठेवतो, पुढच्या रविवारी विचारलं तर पंचाईत नको. "उद्या पाऊस पडला तर आपण घरी राहू." डचमध्ये हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं. पहिली तऱ्हा साधी. आधी 'आल्स', म्हणजे आपलं जर, आणि क्रियापद त्या तुकड्याच्या शेवटी, जर्मनसारखंच. दुसऱ्या तऱ्हेत 'आल्स' टाकूनच द्यायचं आणि क्रियापद उचलून सगळ्यात पुढे आणायचं. रेखंट हेट मॉर्खन, डान ब्लाइव्हन व्हे टाउस. पडतो पाऊस उद्या, तर राहतो घरी. त्यातला 'ख' असा, की घसा खाकरतोय असं वाटतं.

तिचा प्रश्न एवढाच आहे — दोन्हींचा अर्थ एकच असेल, तर भाषेने दोन तऱ्हा ठेवल्या कशाला?

अर्धा तास बोलली. मी फक्त हं, हं. ठेवल्यावर लक्षात आलं, 'आईला देतो' म्हणायची वेळच आली नाही.

१८ मार्च

आमच्या इंजिन-टेस्टिंगमधला उत्कर्ष कँटीनमध्ये — "काका, एकटेच हसताय? चार नंबरचा टेस्ट-बेंच फुटला की काय?"

म्हटलं, नाही रे. डच शिकतोय.

"अरे बापरे. जर्मन झालं का पूर्ण?"

नाही झालं.

२३ मार्च, रविवार

मी उत्तर तयार ठेवलं होतं. "अगं, एक शब्द वाचतो ना. म्हणून दुसरी तऱ्हा."

"बाबा! मी तीनशे पानं लिहिली आणि तुम्ही म्हणता एक शब्द वाचतो?"

खजील झालो. पण ती खुशीत होती. म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, सगळे पहिल्यांदा हेच म्हणतात." मग तिने एक गंमत सांगितली. 'आल्स'वाल्या तुकड्याआधी 'फक्त' लावता येतं. फक्त पाऊस पडला तरच घरी राहू. क्रियापद पुढे आणलं, की आधी 'फक्त' लागत नाही. डच माणूस तोंड वाकडं करतो. तिने कितीतरी लोकांना बसवून विचारलंय, सगळ्यांनी तोंड वाकडं केलं.

का? तिचं म्हणणं — 'आल्स' म्हटलं की ती अट झाली, घट्ट बसली, तिच्यावर 'फक्त'चा शिक्का मारता येतो. क्रियापद आधी आलं की ती अजून अट नाही. बोलणाऱ्याने एक गोष्ट नुसती समोर ठेवलीय. खरी का खोटी, तो बोलत नाही. पुढचं ऐकेपर्यंत तुम्ही ती तशीच धरून ठेवायची.

म्हटलं, "कळलं." तर घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, अजून नाही कळलं. पुष्कळ आहे."

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी नाही, या वर्षी काहीच नाही. आजच इथे घड्याळं तासाने पुढे. भिंतीवरचं आणि ओव्हनचं मालिनी बदलायची. फोन आपोआप बदलतो. त्यामुळे झालं असं, की भिंतीवर नऊ आणि मी दाढीला साबण लावून, आणि कौमुदीचा फोन. "दहा वाजले बाबा!" एका बाजूचा साबण फोनला.

मधेच पुण्याहून भावाचा, कपिलचा फोन येत होता. नंतर केला. धाकटा असून मोठ्यासारखा बोलतो. "दादा, पुरे झालं तिकडे. एकटा काय करतोस? ये परत. सुनेत्राने खोली रंगवून घेतलीय." मागून सुनेत्रा — "दादा, खरंच या! इथे माणसं तरी आहेत." चांगली आहेत दोघं. म्हटलं, कौमुदीचं होऊ दे, मग बघू.

"ती काय ते डच? जर्मनीत राहून डच! म्हणजे पुण्यात राहून कन्नड शिकल्यासारखं."

"त्यात वाईट काय आहे?" मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

संध्याकाळी खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ बदललं. ओव्हनचं जमत नाही.

३ एप्रिल

आज बेंचवर गंमत झाली. टेस्टची सूचना रोज वाचतो. वर्षानुवर्षं वाचतोय. आज पहिल्यांदा दिसली. लॉयख्टेट डी लांपं, मोटोर आब्श्टेलन. पेटला दिवा, इंजिन बंद करा. यात 'जर' कुठेय? नाहीच! जर्मनमध्ये 'वेन' हवं, ते नाही. क्रियापद सगळ्यात पुढे!

उत्कर्षला दाखवलं. तो म्हणाला, "काका, दिवा खरंच पेटलाय."

६ एप्रिल, रविवार

दिव्याचं वाक्य सांगितलं. वाटलं काहीतरी मूर्खासारखं बोललो.

"बाबा, परत सांगा. हळू. लिहून घेते."

सांगितलं. वर माझं मतही सांगितलं — हे वाक्य वाचणाऱ्याचा हात स्विचवर असतो. त्याला 'जर'शी काय करायचंय? त्याला दिवा हवा. आधी दिवा, मग तो. दिवा पेटेलच असंही त्या कागदाचं म्हणणं नाही. बहुतेक वेळा पेटत नाही.

"हे जर्मन आहे," ती म्हणाली, "मला डचच लागतं." मग — "पण डचमध्येही सूचनांमध्ये असंच सापडतं. माझ्याकडे आकडे आहेत. का ते मात्र असं नव्हतं सुचलं."

दिवसभर बरं वाटलं. दोन वेळा जेवलो.

१३ एप्रिल

कौमुदी ईस्टरला येते म्हणाली. तिच्या खोलीतला हीटर बघून घेतला. चादर बदलली.

१९ एप्रिल, शनिवार

गुरुवारी आली. मी स्टेशनवर गेलो होतो. "प्रवास ठीक?" "ठीक." घरापर्यंत तेवढंच.

समोरासमोर बसून जेवतो. वरणभात मी केला. मीठ जास्त. ती काही बोलली नाही, मीही नाही. तिसरी खुर्ची कोणीच हलवत नाही. फोनवर बरं होतं! इथे तोंडं दिसतात. तोंड दिसलं की दोघांनाही एकच गोष्ट आठवते.

काल दोघांनी मिळून बाल्कनी धुतली. न बोलता. बाल्कनी लहान आहे, लगेच संपली.

२० एप्रिल, रविवार

सकाळी दहाला मी हॉलमध्ये. फोन वाजला. कौमुदी! ती आतल्या खोलीत होती. उठलीय की नाही तेही मला माहीत नव्हतं.

उचलला. "आल्झो, तर मग बाबा. तिसरं प्रकरण."

मी भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीपलीकडे ती. पाऊण तास.

तिसऱ्या प्रकरणात हे सगळं आलं कुठून ते आहे. पुष्कळ लोक म्हणतात, मुळात ती दोन माणसं होती. एक विचारतो, पाऊस पडतो का? दुसरा हो म्हणतो. पहिला म्हणतो, मग घरी राहू. पुढे मधला 'हो' गळाला. दुसऱ्या माणसाची वाट बघणं संपलं. एकच माणूस विचारतो आणि एकच पुढचं सांगतो. प्रश्नाचं झालं वाक्याचं पहिलं अर्ध. म्हणून क्रियापद पुढे, प्रश्नात असतं तसं.

मी म्हणालो, "असं कोण बोलतं, उत्तराची वाट न बघता?"

"बाबा. आई."

खरंच की! भूक लागली? डब्यात चकल्या आहेत. उशीर होणार? फोन करा. डोकं दुखतंय? चष्मा लावा. कधी उत्तराची वाट बघितली तिने? मी हो म्हणायच्या आत चकली हातात असायची. आपलं 'हो' तिने कधीच गाळून टाकलं होतं.

मी तसं म्हणालो. तिने नाक शिंकरलं. ते आधी भिंतीतून ऐकू आलं, मग फोनमधून. दोघांनाही हसू आलं. तेही दोनदा ऐकू आलं.

नंतर ती बाहेर आली. "चहा हवा?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आधण ठेवलं. मी 'हो' म्हणालोच नाही.

तिसऱ्या खुर्चीवर तिने वाटाण्याच्या शेंगांची पिशवी ठेवली आणि सोलायला बसली. मीही बसलो.

२१ एप्रिल

गेली. ओव्हनचं घड्याळ नीट करून गेली आहे. सांगितलं नाही.

४ मे, रविवार

आज पाचवं प्रकरण. "चौथं राहिलं," मी म्हणालो. "ते नंतर." एवढंच. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

११ मे, रविवार

चौथ्या प्रकरणाचं कळलं. त्यातली सगळी वाक्यं 'हाट'ने सुरू होतात. 'हाट' म्हणजे 'असतं'. आपण 'असतं तर' म्हणतो, त्यांचं 'असतं' पुढे. हाट इक हेट खवेटन — मला माहीत असतं, तर मी आधी आले असते.

कौमुदी म्हणाली, हे प्रकरण दोन वर्षांपूर्वी लिहिलं, तेव्हा काही वाटलं नाही. आता उघडवत नाही. परीक्षक नेमकं हेच विचारणार. पहिलं वाक्य वाचलं की तिला हॉस्पिटलची लिफ्ट दिसते. ती वेळेवर आली होती. शेवटचे दोन आठवडे आईच्या उशाशीच होती. डॉक्टर म्हणाले, आधी कळून काही बदललं नसतं. हे सगळं तिला माहीत आहे. तरी.

मी कधी कोणाची समजूत घातलेली नाही. ते खातं मालिनीचं. समजूत कशी घालतात?

म्हटलं, "वाच. सगळी वाच."

"सगळी? पुष्कळ आहेत."

"असू दे. मला डच कळत नाही. तू वाच आणि मराठीत सांग."

पहिलं वाचलं. आवाज गेला. थांबलो. दुसरं — मला घंटा ऐकू आली असती, तर केक करपला नसता. तिसरं — सायकलला कुलूप लावलं असतंस, तर आज पायी जावं लागलं नसतं. मग कोणाची बस चुकली. कोणी तिकिटं लवकर काढायला हवी होती. एका बाईने कुत्र्याचं नाव वेगळं ठेवायला हवं होतं.

"कुत्र्याचं काय नाव ठेवलं होतं?"

"बाबा, ते वाक्यात नाहीये."

"मग काय कळणार मला?"

हसली. पुढची वाक्यं भराभर वाचली, भाजीची पिशवी रिकामी करावी तशी. शेवटी शेवटी तर मला कंटाळा आला, आणि तिलाही. तो कंटाळा फार बरा वाटला! त्यातलं एकही वाक्य आमच्याबद्दल नव्हतं. लोकांचे केक, लोकांच्या सायकली.

ठेवताना म्हणाली, "आज झोप लागेल."

मलाही लागली. दुपारीच.

२५ मे, रविवार

आज एक नवीनच निघालं. क्रियापद पुढे आणलं म्हणजे 'जर' असतंच असं नाही! होतं पूर्वी हे गाव, आता आहे शहर. हेही तसंच वाक्य आहे. पहिलं खरं, दुसरंही खरं. यात जर-तर काहीच नाही. मग क्रियापद पुढे का?

हाच तिच्या प्रबंधाचा मुद्दा आहे. बाकीचे म्हणतात, क्रियापद पुढे म्हणजे अट. ती म्हणते, नाही. क्रियापद पुढे म्हणजे 'हे धरा, माझं बोलणं अजून संपलेलं नाही'. एवढाच त्याचा अर्थ. पुढचा अर्धा भाग येतो आणि मग ठरतं, की ती अट होती, का हळहळ, का नुसती जुनी गोष्ट.

मला आमचं फिक्स्चर आठवलं. पार्ट त्यात पकडायचा. चांगला का वाईट, ते फिक्स्चर सांगत नाही. ते नुसतं धरून ठेवतं. निकाल पुढे. तिला सांगितलं, तर म्हणाली, "प्रोफेसरबाईंना आवडेल हे."

होती पूर्वी तीन माणसं, आता आहेत दोन. माझं मीच करून बघितलं. लिहिता आलं. हात थांबला नाही.

८ जून, रविवार

आज तिने घड्याळ लावून सगळं भाषण म्हणून दाखवलं. मला सगळं कळलं! पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिला आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, "सगळं?"

मलाही मग उमगलं. पंचवीस तारखेला परीक्षा. त्यानंतर समजावून सांगायला काही उरणार नाही. मग रविवारी काय बोलणार? कशी आहेस. बरी आहे. थंडी आहे का. जूनमध्ये!

कपिलने परत विचारलं. म्हटलं, पंचवीसनंतर सांगतो.

१६ जून

सकाळी दारावर केअरवोखंची पाटी! फ्राऊ शॉयफेलंनी लावली. जिन्यात भेटल्या तेव्हा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "हेर वासुदेव, खालचं कोपऱ्यातलं विसरू नका. तुमची बायको कधी विसरली नाही."

पाटी बघून इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे मी आता परत बाकीच्यांसारखा. जिना पुसला. कोपराही.

२४ जून

म्युन्स्टरला पोचलो. इस्त्रीचा शर्ट हँगरवर. कौमुदी खूप शांत आहे. मीही. आज ते चालतं.

२५ जून, बुधवार

पास! उत्तम शेऱ्याने पास!

मी शेवटच्या रांगेत होतो. भाषण जर्मनमध्ये, उदाहरणं डच. मला प्रत्येक वाक्य येण्याआधी ठाऊक होतं. एकदा ती अडखळली, तेव्हा माझेच ओठ हलले. शेजारचा मुलगा वळून बघत होता.

चौथ्या प्रकरणावर विचारलंच. जाडजूड माणूस, चष्मा कपाळावर. तिने 'हाट'ची तीन वाक्यं सरळ आवाजात म्हटली. केक, सायकल, कुत्रं. कुत्र्यावर सगळे हसले. तिने माझ्याकडे पाहिलं.

मग बाहेर व्हरांड्यात मित्रमैत्रिणींनी तिच्या डोक्यावर टोपी घातली. इथली पद्धत आहे. पुठ्ठ्याची काळी चौकोनी टोपी, आणि तिच्यावर त्या माणसाच्या अभ्यासातल्या वस्तू चिकटवायच्या. छत्री होती, पावसाची. करपलेल्या केकचा तुकडा होता, स्पंजचा केलेला. लहानशी सायकल. आणि अगदी वर, मधोमध, तारेवर एक लाल दिवा. बटण दाबलं की पेटतो.

एका मुलीने मला विचारलं, "तुम्हीच दिव्याचे बाबा?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

पुण्याला व्हिडिओ लावला. सुनेत्रा रडत होती, कपिल ओरडत होता — "डॉक्टरीणबाई, कन्नड पण शिका आता!" मग मी म्हणालो, "थांब, कौमुदीला देतो." फोन दिला. तिने घेतला. हात रिकामा परत आला नाही.

टेरहॉर्स्टबाई माझ्याजवळ आल्या. उंच, पांढरे केस, कॉफीचा कप. मी तयार केलेलं वाक्य म्हटलं — कौमुदीला दर रविवारी मला समजावून सांगायला लावलंत, त्याबद्दल फार आभार.

बाईंनी भुवया वर केल्या. "मी? नाही हो. मी तर तिला सांगितलं होतं, रविवारी या विषयाचं नावसुद्धा काढायचं नाही. विश्रांती घे म्हटलं होतं." मग हसल्या. "माझं कधी ऐकते ती!"

२६ जून

परतीची गाडी. कौमुदी पोचवायला आली होती. विचारणार होतो, विचारलं नाही. आनंदात होती. टोपी पिशवीत घालून माझ्याकडे दिली, "घरी ठेवा." दिवा गाडीत दोनदा आपोआप पेटला.

बाईंनी सांगितलं नव्हतं, तर मग हे कोणाच्या डोक्यातलं?

२८ जून

उद्या रविवार. तिच्याकडे आता काही कारण नाही. माझ्याकडेही नाही. टोपी तिसऱ्या खुर्चीवर ठेवली आहे.

२९ जून, रविवार

दहाची वाट बघितली नाही. नऊलाच मी केला. कौमुदीचा नंबर मी आजवर कधी लावला नव्हता, मालिनी लावून द्यायची.

"बाबा? काय झालं?" घाबरलीच.

"काही नाही."

"मग?"

"काही नाही. केला."

मग म्हणाली, "बाई बोलल्या ना तुमच्याशी?" म्हटलं, हो.

"ते आईने सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये. म्हणाली, बाबांशी बोलायचं असेल तर त्यांना पटकन कळेल असं काही सांगू नकोस. कळलं की ते 'बरं' म्हणतात आणि फोन देऊन टाकतात. तुझं ते डच सांग. पुष्कळ दिवस पुरेल."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. बरोबर वेळ दाखवत होतं.

"आणि आता तर तुम्हाला सगळं कळलं," कौमुदी म्हणाली.

म्हटलं, "कुठे कळलंय? ते 'फक्त' का लागत नाही, ते परत पहिल्यापासून सांग."

संध्याकाळी कपिलला कळवलं, रंगवून घेतलेल्या खोलीत तुझंच सामान ठेव.